नावा नसलेल्या नदीची टिपणे

पैनगंगा हा राष्ट्रीय जलमार्ग आहे, असं उमरखेडच्या बसस्टँडवर कुणाला सांगून पाहा. समोरचा आधी तुमच्याकडे पाहील, मग उन्हाकडे पाहील आणि तुमच्यासाठी पाणी मागवेल. पण हे खरं आहे. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशातले १११ जलमार्ग एका यादीत बसवले, त्यात ७८ व्या क्रमांकावर पैनगंगा-वर्धा आहे. लांबी सुमारे २६० किलोमीटर. यवतमाळ जिल्ह्याची दक्षिणेची हद्द पैनगंगा आखते आणि पूर्वेची वर्धा, म्हणजे कागदावर आम्ही दोन बाजूंनी बंदरकाठचे लोक झालो. एप्रिल-मेमध्ये या जलमार्गावर शेळ्या चालतात, रेतीचे ट्रॅक्टर चालतात आणि पलीकडच्या गावात लग्न असलं तर अख्खं वऱ्हाड चालत जातं.

*

बंदरखात्यांच्या सूचना वाचायचा मला नाद आहे. त्याही अशा नद्यांच्या, जिथे मी आयुष्यात कधी जाणार नाही. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, या मैलापासून त्या मैलापर्यंत, बुडालेली बार्ज वर काढण्याचं काम चालू आहे. नौकांनी वेग कमी ठेवावा, एका वेळी एकीनेच जावं, लाट उठवू नये. बस्स, एवढंच. भाषा तलाठ्याच्या पंचनाम्यासारखी कोरडी. पण त्या कोरड्या ओळींच्या खाली, पाण्यात, एक जिवंत माणूस चाचपडत असतो.

‘लाट उठवू नये’ याचा अर्थ मला बराच उशिरा कळला. बुडालेली नौका उचलायची रीत सांगायला सोपी आहे. तिच्या पोटाखालून पोलादी दोर ओवायचे, वर तराफ्यावर क्रेन उभी करायची आणि हळूहळू ओढायचं. पण गाळ तिला चोखून धरतो. चिखलात रुतलेला गमबूट जसा पायातून निघतो पण चिखलातून निघत नाही, तसं. ती चोखण सुटेपर्यंत दोरावर नौकेच्या वजनाहून जास्त ताण असतो. अशा वेळी शेजारून एखादी बोट भरधाव गेली, तिच्या लाटेने क्रेनचा तराफा वीतभर वर उचलला, की तो सगळा हिसका दोराला बसतो. आणि दोर ओवणारा पाणबुड्या खालीच असतो. गढूळ पाण्यात तो डोळ्यांनी काम करत नाही, बोटांनी करतो.

म्हणून खुणा ठरलेल्या आहेत. पाणबुड्या खाली असेल तर निळा-पांढरा झेंडा. अडकलेल्या कामामुळे जागचं हलता येत नाही अशी नौका दिवसा तीन काळे आकार टांगते: वर चेंडू, मध्ये शंकरपाळं, खाली चेंडू. रात्री लाल, पांढरा, लाल दिवा. ज्या बाजूला अडथळा आहे तिकडे दोन चेंडू, ज्या बाजूने जाता येईल तिकडे दोन शंकरपाळी. जगभर हेच. भाषा येत नसली तरी चालतं, शंकरपाळं ओळखता आलं पाहिजे.

*

बुडालेलं वर आणण्याच्या या कामाला मराठीत एक सुटा शब्द नाही. आम्ही सगळं ‘काढतो’. विहिरीतून बैल काढतो, नाल्यातून गाडी काढतो, डोहातून माणूस काढतो. क्रियापद एकच, ते कोणत्या सुरात म्हटलं त्यावरून ऐकणाऱ्याला कळतं की घरी निरोप धाडायचा की क्रेन बोलवायची.

*

लहानपणी वाड्यातल्या सामाईक विहिरीत बादली पडायची. मग ज्या घरी गळ असेल तिथून तो आणायचा. लोखंडी कडं, त्याला चहूबाजूंनी वळवलेले आकडे, दोराला बांधून खाली सोडायचा आणि तळाशी फिरवत राहायचं. बादली लागली की दोराला एक वेगळीच जड थरथर येते, ती ओळखणाऱ्या बायका ठरलेल्या होत्या. आणि एक नियम होता: गळ पाण्यात असेपर्यंत दुसऱ्या कुणी बादली सोडायची नाही. दोर अडकतात, पाणी ढवळलं की तळ दिसत नाही. हा नियम कुणी लिहिलेला नव्हता. घागरी काठावर ओळीने थांबायच्या. घाई असलेली एखादी कुरकुरायची, पण थांबायची.

त्या वयात मला वाटायचं, गळ ही बादली काढायची वस्तू आहे. निम्मं काम त्या ओळीने थांबलेल्या घागरी करायच्या, हे तेव्हा दिसलं नाही.

*

बाल्टिमोर. २६ मार्च २०२४ च्या मध्यरात्रीनंतर ‘डाली’ नावाचं मालवाहू जहाज पटाप्स्को नदीवरच्या पुलाच्या खांबाला धडकलं आणि पूल कोसळला. पुलावर रात्रपाळीत खड्डे बुजवणारे सहा मजूर गेले. जहाजावरचे जवळजवळ सगळे खलाशी भारतीय होते, म्हणून आपल्याकडे बातमी दोन-तीन दिवस जास्त टिकली.

मला त्यातलं पुढचं जास्त लक्षात राहिलं. ताबडतोब दोन हजार यार्डांचा घेर पाडून आत कुणी यायचं नाही असं जाहीर झालं. मग बंदर एकदम उघडलं नाही, फुटाफुटाने उघडलं. आधी ११ फूट पाण्यात चालणाऱ्या छोट्या बोटींना एक चिंचोळी वाट. मग १४ फूट. मग २०. एप्रिलच्या शेवटी ३५ फुटांची. मधेच ती वाट पुन्हा बंद, कारण जहाजावर पडलेला पुलाचा सांगाडा स्फोटाने तोडायचा होता. १३ मे ला तो तोडला, तेव्हा खलाशी जहाजावरच होते. २० मे ला जहाज हलवलं. १० जूनला सातशे फूट रुंद, पन्नास फूट खोल मूळ वाट पूर्ण मोकळी. अडीच महिने.

बंदी आणि मोकळीक यांच्यामध्ये एवढ्या पायऱ्या असू शकतात, हे आमच्याकडच्या कारभाराला समजावून सांगणं कठीण आहे. आमच्याकडे रस्ता एक तर ‘बंद’ असतो, नाही तर ‘जाते, जाते, टाका गाडी’ असतो.

*

जून ते सप्टेंबर आमच्या जिल्ह्यात नदीवर निर्बंध नसतात, नदीवरून जाणाऱ्या रस्त्यावर असतात. पाटाळ्याजवळ वर्धेचं पाणी चढलं की वणी-वरोरा तुटलं. कुठे पूल, कुठे रपटा. रपटा म्हणजे नदीच्या पायाशी घातलेला ठेंगणा सिमेंटचा पट्टा. पाण्याने वर्षातून काही वेळा आपल्यावरून जावं हे मान्य करूनच तो बांधलेला असतो. दोन्ही कडांना पांढरे रंगवलेले दगड. दगड दिसतात तोवर रस्ता आहे; दगड बुडाले की नदी आहे.

आम्ही शाळेत असताना एसटी रपट्याशी थांबायची. कंडक्टर खाली उतरायचा, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळायचा, हातात काठी घेऊन दगडांच्या मधून पुढे चालायचा. पाणी त्याच्या पोटऱ्यांच्या वर गेलं की मागे वळून हात आडवा करायचा. ड्रायव्हर इंजिन बंद करायचा. मग तास, दोन तास, कधी रात्र. गाडीत ज्याच्याजवळ जे खायला असेल ते निघायचं. त्या आडव्या हाताविरुद्ध कुणी बोलल्याचं मला आठवत नाही.

*

दहागाव. २८ सप्टेंबर २०२१, मंगळवार, सकाळ.

गुलाब नावाचं चक्रीवादळ २६ तारखेला आंध्रच्या किनाऱ्यावर आपटलं होतं. उरलेलं वादळ मराठवाडा-विदर्भावरून पश्चिमेला निघालं आणि जाता जाता इथे कोसळत गेलं. उमरखेड-पुसद रस्त्यावर दहागावच्या नाल्याचं पाणी पुलावरून वाहत होतं. नांदेडहून नागपूरला निघालेली एसटी त्या पाण्यात घातली गेली आणि पुलावरून खाली गेली. चौघांचा जीव गेला, दोघांना वाचवता आलं. मोबाइलवर चित्रित झालेली ती फीत तेव्हा सगळ्यांनी पाहिली. मी एकदा पाहिली.

एवढी जड गाडी वाहून कशी जाते, हा प्रश्न त्या आठवड्यात प्रत्येक टपरीवर होता. उत्तर गाडीच्या पेटीसारख्या अंगात आहे. दारं-खिडक्या लावलेली बस ही पाण्याच्या दृष्टीने एक भलामोठा बंद डबा. पाणी डब्याला वर ढकलतं, तितकं चाकांवरचं वजन कमी होतं आणि तितकी टायरची पकड सुटते. वरून बाजूचा रेटा. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. दीड-दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्यांना पुरतं. बस बुडण्याआधी तरंगते. त्या क्षणी ती वाहन राहत नाही, नौका होते. सुकाणू नसलेली, वल्हं नसलेली, कुठल्याही जलमार्ग कायद्यात नोंद नसलेली.

त्या सकाळी ७८ क्रमांकाच्या जलमार्गाच्या मुलखात एक प्रवासी नौका चालली होती, असं म्हणता येईल. विनोद म्हणून लिहायला घेतलं होतं, पुढे सरकवत नाही.

*

ड्रायव्हरवर सगळं टाकून मोकळं होणं सोपं आहे. पण पाण्याच्या अलीकडे आडवा हात करणारा कोण होता? कोतवाल, पोलीस पाटील, होमगार्ड, कुणीही. पाण्याची खोली दाखवणारी रंगीत पट्टी, एक साखळी, दोन पिंपं. ‘पुलावरून पाणी वाहत असल्यास वाहन नेऊ नये’ अशी पाटी आमच्याकडे जागोजाग असते. ती वाचणाऱ्याच्या शहाणपणावर सगळं सोडते. नदीवरच्या सूचनांमध्ये शहाणपणावर काहीच सोडलेलं नसतं. त्यांत किती फूट, किती वेग, किती अंतर, हे सगळं आकड्यांत असतं.

*

महाड, २ ऑगस्ट २०१६, रात्र. सावित्रीवरचा १९२८ चा दगडी कमानींचा पूल वाहून गेला आणि अंधारात येणाऱ्या दोन एसटी बस आणि एक जीप एकामागून एक पाण्यात गेल्या. मागच्याला पुढे रस्ता संपलाय हे दिसायचं कारणच नव्हतं.

शोधाचे दिवस मी तेव्हा वर्तमानपत्रांतून रोज वाचत होतो. नौदलाचे पाणबुडे, तटरक्षक दल, एनडीआरएफ. क्रेनला तीनशे किलोंचं लोहचुंबक बांधून नदीत सोडलं, म्हणजे पुन्हा तो आमच्या विहिरीतला गळच, फक्त शहरात शिकून आलेला. पहिली बस सापडली ती नऊ दिवसांनी, पुलापासून दोनशे मीटरच्या आसपास. आणि माणसं? काहींना पाण्याने खाडीतून समुद्रात नेलं, पार आंजर्ल्याच्या किनाऱ्यापर्यंत. जड ते जवळच राहतं, हलकं ते दूर जातं. शोधणाऱ्यांना एकाच वेळी पुलाखालीही थांबावं लागतं आणि समुद्रकाठीही.

नवा पूल ५ जून २०१७ ला खुला झाला, १६५ दिवसांत बांधून. या देशात काम वेगाने होऊ शकतं, हे कळल्यावर आनंद व्हायला हवा होता.

*

झुंज. वर्धा नदी, वरुड तालुका, १४ सप्टेंबर २०२१. आमच्या वरच्या अंगाला, अमरावती जिल्ह्यात. गाडेगावला दशक्रियेसाठी जमलेले नातलग नावेने निघाले आणि नाव उलटली. अकरा जण गेले. पहिल्या दिवशी तिघेच सापडले, बाकीच्यांसाठी पुढचे दिवस शोध चालला.

एका घरातली माणसं एका नावेत बसतात, हे किती साधं आहे. लग्नाला जाताना एका गाडीत बसतात तसं. नावेत किती जणांनी बसावं याचा आकडा नावेवर रंगवलेला असावा लागतो, हे आमच्याकडे कुणाला माहीत असतं? नावाडीसुद्धा नाही म्हणत नाही, कारण सगळे दुःखातून आलेले.

*

दहागाव मंगळवार. झुंज मंगळवार. महाड मंगळवार. बाल्टिमोरही मंगळवार निघाला. मी शकुन मानत नाही, तरी वहीत लिहून ठेवलं. मग राइन नदीवरच्या एका अपघाताची तारीख काढली, तो गुरुवार निघाला आणि बरं वाटलं.

*

तो राइनचा गुरुवार: १३ जानेवारी २०११. लोरेलाय कड्यापाशी, जिथे नदी अरुंद होऊन वळते, ‘वाल्डहोफ’ नावाचा टँकर उलटला. पोटात सुमारे २,४०० टन गंधकाम्ल. नौका सरळ व्हायला महिना लागला. तोवर वरच्या-खालच्या अंगाला शेकडो नौका नांगर टाकून बसल्या. स्वयंपाकघरात दूध संपलं असेल, कुणाचा माल सडला असेल. ते थांबले.

*

बुडापेस्टची एक गोष्ट आम्हा पूरवाल्यांना जवळची वाटेल. २९ मे २०१९ ला डॅन्यूबवर ‘हाब्लेआन्य’ ही पर्यटकांची छोटी नौका मोठ्या क्रूझ नौकेखाली येऊन बुडाली. २८ जण गेले, बहुतेक दक्षिण कोरियाचे. नौका उचलायला तरंगती क्रेन तयार होती, पण नदीला पूर. पाणी इतकं चढलेलं की क्रेनला पुलांखालून जाण्याइतकी फटच उरली नव्हती. एवढं मोठं युरोपातलं शहर, एवढी मोठी क्रेन, आणि वाट कशाची बघायची, तर पाणी उतरण्याची. ११ जूनला नौका वर आली.

‘पानी उतरलं का मंग पाहू.’ हे वाक्य मी आर्णीपासून ढाणकीपर्यंत प्रत्येक पावसाळ्यात ऐकलं आहे. तेव्हा ते आळशीपणाचं वाटायचं. आता त्यातला निम्मा भाग तरी अभियांत्रिकीचा वाटतो.

*

परदेशी सूचना वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. तिथे पाणी आपल्या जागी असतं आणि नौका ये-जा करतात, म्हणून नौका अडवतात. आमच्या नद्यांत ये-जा करतं ते पाणीच. अडवायचं तर ते अडवायला हवं. इसापूर धरणाचे दरवाजे किती उघडे आहेत, रात्रीत आणखी किती उघडणार आहेत, वरच्या खोऱ्यात पाऊस आहे का, यावर खाली उमरखेड-हिमायतनगरच्या पट्ट्यात पाण्यात उतरलेल्या माणसाचा जीव टांगलेला असतो. धरणाच्या कंट्रोल रूमचा एक फोन म्हणजे आमचा निळा-पांढरा झेंडा.

विसर्ग वाढणार असला की काठच्या गावांना सतर्कतेचा इशारा मिळतो, दवंडी फिरते. विसर्ग थांबवल्याचा निरोप कधी काठापर्यंत पोचलेला मला आठवत नाही.

*

२१ मे २०२४, उजनी. (हाही मंगळवार. पुरे.) कुगावहून कळाशीला निघालेली प्रवासी बोट वादळात उलटली, सहा जण गेले. बोट सुमारे ३५ फूट खोल सापडली, मृतदेह त्यानंतर.

त्याच आठवड्यात, २३ मे ला, अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्यांना शोधायला राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उतरली, आणि तीच उलटली. दलाचे तीन जवान गेले. काढायला गेलेल्यांनाच काढायची वेळ आली.

बोट उलटवायला एक छोटा बंधाराही पुरतो. नदीवरचे असे बंधारे दिसायला निरुपद्रवी असतात. चार-पाच फुटांवरून पाणी पडतं, खाली पांढरा फेस. पण पडणारं पाणी तळाला जाऊन परत बंधाऱ्याकडेच वळतं, एक आडवं चाक फिरत राहतं. त्या चाकात सापडलेली बोट असो की ओंडका, पुढे जात नाही. बंधाऱ्याच्या तोंडाशी खेचली जाते, उलटते, वर येते, पुन्हा खेचली जाते. फेसात हवा मिसळलेली असल्यामुळे त्यात नीट तरंगताही येत नाही. पोहता येणं इथे फारसं कामाचं नाही.

पैनगंगेवर, वर्धेवर, अरुणावतीवर, पूसवर असे बंधारे किती असतील! पोरं तिथेच पोहायला जातात, कारण तिथेच पाणी असतं.

*

बघे. यांच्यावर स्वतंत्र वही लिहिता येईल.

गोव्यात सावर्डे-कुडचडे, १८ मे २०१७: एका माणसाने नदीत उडी घेतली म्हणून शोध चालू होता. तो बघायला लोक एका पोर्तुगीजकालीन, वापराला बंद केलेल्या पादचारी पुलावर चढले आणि पूल कोसळला. मावळात कुंडमळा, १५ जून २०२५: इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल, धोक्याची पाटी लागलेली, रविवारची गर्दी, चार जण गेले. तिथे शोध नव्हता, फक्त पाणी बघायचं होतं.

आमच्याकडे नाल्यातून काही काढायचं असलं तर जेसीबीच्या आधी बघे पोचतात. दुचाक्या रस्त्यावर आडव्या, म्हणून क्रेनला वाट नाही. काठ पायांनी ओला होऊन घसरडा, म्हणून दोर ओढणाऱ्यांना पाय रोवायला जागा नाही. शंभर सल्ले. ‘तिकडून घ्या’, ‘थोडं डावीकडं’. शोध पथकाचा माणूस पाण्याकडे बघून काम करतो त्यापेक्षा जास्त वेळ काठाकडे बघून ओरडतो. अकोला जिल्ह्यात पिंजरला संत गाडगेबाबांच्या नावाचं शोध व बचाव पथक आहे. विदर्भात कुठेही डोहात कुणी गेलं की त्यांना हाक जाते. पोरं आपलं काम सोडून येतात. त्यांना पहिल्या अर्ध्या तासात हवी असते ती फक्त रिकामी जागा. ती कुठल्याही साहित्याच्या यादीत नसते.

अधिकार आहेत, कमी नाहीत. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे. जिल्हाधिकारी एखाद्या भागात ये-जा थांबवू शकतात. बंदीची कलमंही आहेत. जुनं १४४ गेलं, नव्या संहितेत १६३ आलं. आदेश निघतो, व्हॉट्सअॅपवर फिरतो, त्याखाली लोक हात जोडल्याचं चिन्ह टाकतात आणि तेच लोक संध्याकाळी पुलावर असतात. मीही गेलो आहे. पुराचं पाणी बघायला न जाणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

*

जलमार्गाची कल्पना नवी नाही, ही गंमत उशिरा कळली. दीडशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा या नद्यांना जोडून वऱ्हाडचा कापूस थेट पूर्व किनाऱ्याला नेण्याचा घाट घातला होता. सर आर्थर कॉटन यांचा त्यात मोठा आग्रह. अमेरिकेत यादवी पेटलेली, मँचेस्टरला कापूस हवा. तेव्हा आमच्या जिल्ह्याचं नाव यवतमाळ नव्हतं, वणी होतं. ते १९०५ ला बदललं.

अडचण होती ती नदीतल्या खडकांची. दुम्मुगुडेम, इंचमपल्ली आणि अहेरीकडचं देवलमरी, असे तीन मोठे अडथळे. खडकांना वळसा घालून कालवे आणि नौका चढवायच्या-उतरवायच्या पायऱ्या बांधायला घेतल्या. ताप, मजूर मिळेनात, पावसाळ्यात पाणी जास्त, उन्हाळ्यात पाणीच नाही. १८७१ ला काम सोडून दिलं. तोवर रेल्वे नागपूरला पोचली होती. पुढे यवतमाळहून मूर्तिजापूरला शकुंतला ही आगगाडी सुटू लागली आणि कापसाला वाट मिळाली. आता शकुंतलाही थांबली आहे.

म्हणजे २०१६ ची यादी ही दुसरी वेळ. पहिल्या खेपेला निदान कुणी खडक फोडायला तरी आलं होतं.

*

कायद्याची एक कड वाचण्यासारखी आहे. नदीतल्या नौकांचा जुना कायदा १९१७ चा, मूळ नावात वाफेच्या नौका होत्या. त्याच्या जागी २०२१ मध्ये नवा अंतर्देशीय जलयान कायदा आला. झुंज आणि दहागावचंही तेच साल. नव्या कायद्यात बुडालेल्या नौकांसाठी तरतुदी आहेत, आणि इंजिन नसलेल्या नावांचीही नोंद स्थानिक पातळीवर व्हावी असं आहे. म्हणजे ढिवरांचा डोंगासुद्धा. नोंद म्हणजे आकडा, आकडा म्हणजे किती माणसं बसतील हे ठरणं.

*

जुगादला गेलो होतो. वणी तालुक्याच्या टोकाला, इथे पैनगंगा वर्धेला मिळते. पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातला वढा. संगमावर दोन्ही पाण्यांचे रंग काही अंतर वेगळे राहतात, मग कोण कुठे गेलं ते कळत नाही.

काठावर एकजण डोंगा पालथा घालून त्याच्या फटींत डांबर भरत होता. मी म्हटलं, ‘भाऊ, ही नदी राष्ट्रीय जलमार्ग आहे, ठाऊक आहे का?’

त्याने ब्रश थांबवला. ‘मंग टोल कोन घेते जी?’

बोलता बोलता बुडालेल्या माणसांचा विषय निघाला. शोधाच्या वेळी पोलीस यांनाच बोलावतात. डोह कुठे, कपार कुठे, धार कुठे मुरते हे यांनाच ठाऊक. मी विचारलं, शोध चालू असताना बाकीचे डोंगे काय करतात? कुणी बंदी घालतं का?

‘बंदी कायची? पान्यात गळ असन तं आमी डोंगा सोडत नाई. जाळंही टाकत नाई. सांगा लागत नाई ना.’

‘किती दिवस?’

‘माणूस सापडेवर.’

मग म्हणाला, डांबर गार व्हायच्या आत पलटवा लागते, जरा हात लावता का. मी चप्पल काढली आणि एक टोक धरलं. डोंगा वाटला त्यापेक्षा बराच जड होता.